भाड्याने देण्यासाठी पहिलं घर कुठे घ्यावं, देशात की परदेशात?

पहिलं घर देशातच घ्या, तेही स्वतः जाऊन बघता येईल इतक्या अंतरावर. जाहिरातीतला परतावा म्हणजे नुसतं वर्षाचं भाडं भागिले किंमत, म्हणून तो फुगलेला दिसतो. भाड्यातून देखभाल, मालमत्ता कर, विमा आणि निदान एक रिकामा महिना वजा करा. उरलेल्याला घराची किंमत, मुद्रांक शुल्क, दुरुस्ती धरून झालेल्या एकूण खर्चाने भागा. कर्ज मोठं असेल आणि हा टक्का व्याजदराच्या खाली असेल, तर हप्त्यात खिशातून भर घालायची तयारी ठेवा.

परदेशात आधी कायदा बघा, घर नंतर. थायलंडमध्ये परदेशी माणसाला सहसा जमीन नावावर करता येत नाही. फ्लॅट मिळतो, पण इमारतीतल्या सगळ्या परदेशी मालकांचे फ्लॅट मिळून ४९ टक्के क्षेत्राच्या मर्यादेत. सिंगापूरने २०२३ पासून बहुतेक परदेशी खरेदीदारांना ६० टक्के जादा मुद्रांक शुल्क लावलंय, म्हणजे भाड्यासाठी तो विषयच संपला! अमेरिकेत अनिवासी मालकाने निव्वळ उत्पन्नावर कर भरण्याचा पर्याय घेतला नाही, तर खर्च वजा न करता थेट भाड्यावर साधारण ३० टक्के कर लागतो.

शिवाय कर्ज शक्यतो भाडं येतं त्याच चलनात घ्या.