प्रतिपिंडे नसलेले कीटक जंतुसंसर्गातून कसे वाचतात?

आपला प्रश्न असा आहे की, कीटकांच्या शरीरात प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार होत नाहीत, तरीही कुजक्या फळांवर, शेणावर आणि मेलेल्या जनावरांवर आयुष्य काढणाऱ्या माश्या रोगाने संपून कशा जात नाहीत, आणि त्यांची प्रतिकारशक्ती आपल्यापेक्षा कमी दर्जाची असते का. मी बरीच वर्षे प्रयोगशाळेत मेणकिड्याच्या (मधमाश्यांच्या पोळ्यातले मेण खाणाऱ्या पतंगाच्या) अळ्या हाताळते, त्यामुळे या प्रश्नाचा काही भाग मला रोज डोळ्यांनी पाहायला मिळतो. माझे उत्तर असे की ती कमी दर्जाची नाही. तिचे वेळेचे गणित निराळे आहे. नव्या जंतूशी पहिल्यांदा गाठ पडली की आपल्या शरीराला पुरेशी प्रतिपिंडे बनवायला आठवडाभर किंवा त्याहून अधिक काळ लागतो. अनुकूल स्थितीत काही जिवाणू मात्र वीस-तीस मिनिटांत दुप्पट होतात, आणि ड्रॉसोफिला ही फळांभोवती घोंगावणारी चिमुकली माशी अंड्यापासून प्रौढ होईपर्यंतचा सारा प्रवास 25 अंश सेल्सियस तापमानात साधारण दहा दिवसांत उरकते. एवढ्याशा आयुष्यात आठवडाभर थांबणे परवडत नाही, म्हणून या प्राण्यांनी मिनिटांत आणि तासांत काम करणारी हत्यारे जन्मापासूनच जवळ बाळगली आहेत.

पहिली अडचण जंतूंना आत शिरतानाच येते. कीटकाचे कवच काइटिन आणि प्रथिनांच्या थरांचे असून त्यावर मेणाचा पातळ लेप असतो. हेच कवच श्वासनलिकांच्या आतून आणि अन्ननलिकेच्या पुढच्या व मागच्या भागातही अस्तरासारखे पसरलेले असते आणि कात टाकताना तेही बदलले जाते. मधल्या आतड्यात हे अस्तर नसते, परंतु तेथे अन्नाभोवती काइटिनचीच एक बारीक चाळणी असते, जी पचलेले अन्न जाऊ देते आणि जिवाणूंना आतड्याच्या भिंतीपासून दूर ठेवते. बुरश्यांना मात्र पोटात जाण्याची गरजच नसते. त्यांचा बीजाणू कवचाला चिकटतो, तेथेच अंकुरतो आणि विकरांनी (एन्झाइमांनी) कवच विरघळवत, दाब देत थेट आत घुसतो. अगोस्तिनो बास्सी या इटालियन अभ्यासकाने रेशीमकिड्यांचा पांढरा रोग अशाच एका बुरशीमुळे होतो हे 1835 मध्ये दाखवले. सूक्ष्मजीवामुळे प्राण्याला रोग होतो याचा हा अगदी सुरुवातीचा पुरावा होता, आणि तो एका किड्याने दिला याचे मला नेहमीच अप्रूप वाटते.

कवच फुटले की पुढे काय होते, हे मेणकिड्याच्या अळीत नुसत्या डोळ्यांनी दिसते. निरोगी अळी दुधाळ पिवळसर रंगाची असते. तिला स्वच्छ सुई टोचली तर थेंबभर फिकट द्रव बाहेर येतो, तो लगेच थिजतो, आणि थोड्या वेळात त्या जागी टाचणीच्या टोकाएवढा काळा ठिपका उरतो. तीच सुई घातक जिवाणू घेऊन आत गेली तर काही तासांत अळीच्या अंगावर करडे ठिपके उमटतात, पाठीवर काळसर रेघ येते, आणि संसर्ग हाताबाहेर गेला की दुसऱ्या दिवशी ती अळी कोळशासारखी काळी होऊन निपचित पडलेली असते. रेशीमकिडे पाळणारेही हा काळा डाग चांगला ओळखतात, कारण उझी माशीची अळी रेशीमकिड्याच्या अंगात जेथून शिरते तेथे तसाच डाग पडतो.

हा काळा रंग मेलॅनिनचा असतो. कीटकांमध्ये रक्तवाहिन्यांचे जाळे नसते. सगळे अवयव रक्तलसिका नावाच्या द्रवात न्हालेले असतात. त्या द्रवात आणि काही पेशींत फिनॉलऑक्सिडेज हे विकर निष्क्रिय रूपात साठवलेले असते. जखम झाली किंवा जंतूच्या भिंतीचा तुकडा सापडला की प्रथिने तोडणारी विकरे एकामागून एक जागी होतात आणि शेवटी हे विकर कामाला लागते. मेलॅनिन जखम बुजवते आणि जंतूला लेपून टाकते. शिवाय ते तयार होताना जी क्विनोन आणि ऑक्सिजनची तीव्र संयुगे निर्माण होतात, ती जंतूंना मारतात. ही क्रिया किती तत्पर असते, हे रक्तलसिका नळीत गोळा करताना कळते. फिनाइलथायोयूरियासारखे रोधक आधी घातले नाही, तर बर्फावर ठेवलेला तो फिकट द्रवही पाहता पाहता तपकिरी आणि मग काळा पडतो. अर्थात हीच विषारी संयुगे स्वतःच्या पेशींनाही सोडत नाहीत. म्हणून या साखळीला सर्पिन नावाच्या प्रथिनांचा लगाम असतो, जो ही क्रिया जखमेच्या जागेपुरती रोखून धरतो. जनुकातील दोषामुळे हा लगाम सुटलेल्या ड्रॉसोफिला माश्यांच्या अंगावर जखम नसतानाही काळे डाग पडतात आणि त्यांचे जगणे कठीण होते. माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेत मारण्यापेक्षा वेळेवर थांबण्याचे काम अधिक अवघड आहे.

रक्तलसिकेत फिरणाऱ्या पेशी जंतूंना गिळतात. ही गोष्ट प्रथम नीट ओळखली ती इल्या मेच्निकॉफ यांनी, आणि तीही अपृष्ठवंशी प्राण्यांतच. 1882 मध्ये इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभात (अळीसारख्या बाल्यावस्थेत) गुलाबाचा काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी त्याभोवती जमलेल्या पेशी पाहिल्या; ही कथा बहुतेक पुस्तकांत असते. मला त्यांचे 1884 मधील डॅफ्निया या पाणपिसवेवरचे काम अधिक महत्त्वाचे वाटते, कारण त्यात खरा रोग होता. एका यीस्टचे सुईसारखे बीजाणू अन्नाबरोबर पोटात जाऊन आतड्याची भिंत भेदत, आणि रक्तपेशी त्यांच्यावर तुटून पडत. पेशींनी बीजाणू संपवले तर पाणपिसू जगे. बीजाणू फार झाले तर यीस्ट वाढू लागे आणि ती मरे. जिवंत प्राण्याच्या पारदर्शक अंगात ही झुंज सूक्ष्मदर्शकाखाली सरळ पाहता येत होती. या संशोधनासाठी त्यांना 1908 चे नोबेल पारितोषिक पॉल एर्लिख यांच्यासह मिळाले.

गिळता येणार नाही एवढा मोठा शत्रू आला तर पेशी त्याला गुंडाळून टाकतात. परोपजीवी गांधीलमाशी ड्रॉसोफिलाच्या अळीत आपले अंडे घालते, तेव्हा अळीच्या शरीरात एरवी क्वचितच दिसणाऱ्या चपट्या पेशी मोठ्या संख्येने तयार होतात, अंड्याभोवती थरावर थर चढवतात आणि वर मेलॅनिनचा लेप देतात. असे काळे पडलेले अंडे पुढे प्रौढ माशीच्या पोटात बाहेरूनही दिसू शकते. गांधीलमाश्याही स्वस्थ बसलेल्या नाहीत; त्यांच्या काही जाती अंड्याबरोबर विशिष्ट विषाणूंसारखे कण सोडतात, जे यजमानाच्या रक्तपेशी निकामी करतात.

पेशींच्या जोडीला रसायने असतात, आणि या विषयाचा सर्वांत समृद्ध भाग मला हाच वाटतो. स्वीडनमध्ये हान्स बोमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेक्रोपिया पतंगाच्या कोशावस्थेतील जीवांत जिवाणू टोचले, तेव्हा त्यांची रक्तलसिकाच जिवाणूनाशक बनली. त्यातून 1981 मध्ये त्यांनी सेक्रोपिन ही छोटी प्रथिने वेगळी केली. त्यांपैकी एक अवघ्या 37 अमिनो आम्लांचे आहे, आणि ते जिवाणूच्या पटलाला भोके पाडून त्याला मारते. अशी डझनावारी पेप्टाइडे आता माहीत आहेत. कीटकात ती मुख्यतः मेदपिंडात तयार होतात, जो अवयव आपल्या यकृताचे आणि चरबीचे काम एकत्रच करतो, आणि संसर्गानंतर काही तासांतच ती अंगभर पसरतात.

हा कारखाना सुरू करण्याचा निरोप कोण देतो, याचे उत्तर 1996 मध्ये स्ट्रासबर्ग येथील ज्यूल हॉफमन यांच्या प्रयोगशाळेतून आले. टोल हे जनुक त्याआधी भ्रूणाची पाठ आणि पोट कोणते हे ठरवणारे म्हणून माहीत होते. ब्रुनो लमेत्र आणि सहकाऱ्यांनी दाखवले की ते बिघडलेल्या माश्या बुरशीला तोंड देऊ शकत नाहीत. मेलेल्या माशीच्या अंगावर बुरशीचे धागे वाढलेले दाखवणारे ते छायाचित्र आजही अंगावर काटा आणते. टोलचा मार्ग प्रामुख्याने बुरश्यांविरुद्ध आणि ग्रॅम-धन जिवाणूंविरुद्ध चालतो, तर इम्ड नावाचा दुसरा मार्ग ग्रॅम-ऋण जिवाणूंसाठी आहे (भिंतीच्या बांधणीवरून जिवाणूंचे हे दोन गट पडतात). म्हणजे माशी शत्रूची जात नेमकी ओळखत नसली तरी त्याच्या भिंतीचे बांधकाम ओळखते. पुढे ब्रूस बॉयट्लर यांनी 1998 मध्ये उंदरांत टोलसारख्याच प्रथिनाने जिवाणूचे विष ओळखले जाते हे दाखवले, आणि 2011 च्या नोबेलमध्ये हॉफमन आणि बॉयट्लर या दोघांचा वाटा होता. माणसात टोलसारखे दहा ग्राहक (जंतूची खूण पकडणारी प्रथिने) आहेत. जांभळ्या समुद्री साळूच्या (सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याच्या) जनुकसंचात मात्र अशा ग्राहकांची 222 जनुके मोजली गेली आहेत. कमी दर्जाचे कोण, हा प्रश्न त्यामुळेच मला चुकीचा वाटतो.

भिंत ओळखण्याच्या या कौशल्यावर आपल्या दवाखान्यातील सुरक्षितताही बरीच वर्षे विसंबून आहे. हॉर्सशू क्रॅब हा खेकडा म्हणवला जात असला तरी कोळ्यांचा जवळचा नातेवाईक आहे, आणि त्याचे रक्त तांबेयुक्त हिमोसायानिनमुळे निळे असते. ग्रॅम-ऋण जिवाणूच्या भिंतीचा अंशमात्र लागला तरी ते गोठते, हे फ्रेडरिक बँग यांनी 1956 मध्ये वर्णन केले. त्यावरून तयार झालेल्या चाचणीने इंजेक्शने आणि लसी तपासल्या जातात.

विषाणूंना अशी भिंत नसते, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी युक्ती आहे. अनेक विषाणू वाढताना दुपदरी आरएनए बनवतात. कीटकाची पेशी तो पकडून त्याचे सुमारे 21 अक्षरांचे तुकडे करते, आणि त्या तुकड्यांच्या नमुन्याबरहुकूम विषाणूचा उरलेला आरएनए शोधून कापते. डेंग्यूचा विषाणू आयुष्यभर अंगात बाळगूनही डास फारसा आजारी पडत नाही, त्याला ही कात्री बऱ्याच अंशी कारण आहे.

स्मरणशक्तीबद्दल मात्र आपल्या मनातील चित्र थोडे बदलावे लागेल. प्रतिपिंडे नसली तरी एकदा सौम्य संसर्ग झालेले काही कीटक पुढच्या वेळी अधिक टिकतात, आणि काही जातींत हा लाभ पिलांनाही मिळतो. मधमाश्यांच्या राणीच्या पोटातून मेलेल्या जिवाणूंचे अंश विटेलोजेनिन या प्रथिनावर बसून अंड्यांपर्यंत पोचतात. त्याच तत्त्वावर अमेरिकन फाउलब्रूड या अळ्यांच्या रोगाविरुद्ध मधमाश्यांसाठी लस तयार झाली असून तिला अमेरिकेच्या कृषी विभागाने 2023 मध्ये सशर्त परवाना दिला. ती टोचायची नसते, खाद्यातून द्यायची असते.

वागण्यातही बचाव असतो. टोळांना स्वतःचे शरीर तापवता येत नाही, म्हणून बुरशी लागलेला टोळ उन्हात जास्त वेळ बसून ताप चढवून घेतो. मधमाश्या रोगट अळ्या पोळ्याबाहेर फेकतात, आणि काही मुंग्या बुरशी लागलेल्या कोशांवर फॉर्मिक आम्ल सोडून त्यांना बुरशीसकट नष्ट करतात.

आता आपल्या माश्यांकडे येते. घरमाशीचा जनुकसंच 2014 मध्ये वाचला गेला, तेव्हा तिच्यात प्रतिकाराशी संबंधित जनुकांची संख्या ड्रॉसोफिलापेक्षा वाढलेली आढळली. शेण आणि कुजके पदार्थ यांत वाढणाऱ्या जिवाला ते साजेसे आहे. तरीही खिडकीच्या काचेला सोंडेने चिकटून, पंख वर करून मेलेली माशी आपण कधीतरी पाहिली असेल, जिच्या पोटावर पांढरे पट्टे आणि भोवताली काचेवर पिठासारखे धूसर वलय असते. ते एंटोमोफ्थोरा बुरशीचे काम आहे. ही बुरशी माशीच्या अंगात वाढताना आपली पेशीभित्तीच उतरवून ठेवते, आणि भिंतीवरून शत्रू ओळखणाऱ्या पहारेकऱ्यांना ओळखायला काही उरत नाही.