सूज येते कशाला आणि अडते कुठे?

प्रश्न (महाल): मुलगा सायकलवरून पडला. दुसऱ्या दिवशी गुडघा लाल, गरम झाला, सुजला. जखम चिघळली का?

उत्तर: बहुधा नाही. खरचटल्यावर काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी रक्तातून बाहेर पडून जंतू गिळायला जखमेत पोचतात. त्यांना वाट मिळावी म्हणून तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझरतात. लाली, ऊब, सूज त्यातूनच येते. दोन-तीन दिवसांत ती उतरू लागते. लाली पसरली, ठणका वाढला किंवा ताप आला तर मात्र डॉक्टरांना दाखवा. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं, तेही बघा.

प्रश्न (सक्करदरा): बाबांना १५ वर्षांपासून मधुमेह आहे. मे महिन्यात देवळात अनवाणी फिरले, तळपायाला फोड आला. दीड महिना झाला, जखम भरत नाही. दुखत नाही म्हणून दवाखान्यात यायला तयार नाहीत.

उत्तर: दुखत नाही, याचीच मला जास्त काळजी वाटते. मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात. नागपूरचा पारा ४५ अंशांवर असताना फरशी किती तापलीय, हे अशा पायाला कळतच नाही.

आता जखम का अडली ते सांगतो. न्यूट्रोफिलनंतर मॅक्रोफेज येतात. या पेशी आधी सूज वाढवतात, मेलेल्या पेशी गिळतात आणि मग आपलं काम बदलतात: नव्या रक्तवाहिन्या आणि नवी त्वचा तयार व्हायला लागणारे संदेश सोडतात. जखम भरणं बरंचसं या बदलावर अवलंबून असतं. साखर सतत वाढलेली असली की न्यूट्रोफिल जंतू नीट मारत नाहीत आणि मॅक्रोफेज पहिल्याच कामात अडकून पडतात. त्यात पायाला रक्त कमी पोचत असेल तर आणखी कठीण.

म्हणून बाबांना आजच घेऊन जा. डॉक्टर पायातला रक्तप्रवाह तपासतील, मेलेली कातडी काढतील, जखमेवर भार पडू नये अशी सोय करतील. साखर आटोक्यात आणावीच लागेल. हळद, चुना, राख काही लावू नका. अशा दुर्लक्षित जखमांपायी पाय कापावे लागतात, आणि त्यातले बरेचसे वाचवता येतात.

प्रश्न (काटोल): संत्री खाल्ल्याने जखम लवकर भरते का?

उत्तर: नव्या त्वचेला ताकद देणारं कोलॅजन नीट बनायला 'क' जीवनसत्त्व लागतं; ते कमी पडलं तर जखम रेंगाळते. पण गरजेपेक्षा जास्त घेतल्याने ती लवकर भरत नाही. मधुमेह असेल तर रस नको, एखादं संत्रं सोलून खा.