जोडीदाराला सांगितलं तर तो अजून टेन्शन घेईल, मग सांगू कसं?

हा प्रश्न माझ्याकडे येणारे बरेच जण विचारतात, आजार कुठलाही असो. एक जोडपं आलं होतं (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), तिला रुमॅटॉइड आर्थरायटिस (सांध्यांना सूज आणणारा संधिवात) निघालेला, सकाळी तास-दीड तास बोटं इतकी आखडलेली की मूठ वळत नाही, पण दुपारपर्यंत बऱ्यापैकी मोकळी, त्यामुळे नवरा संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याला ठणठणीत बायको दिसायची. तो विचारायचा, "कशी आहेस?" ती म्हणायची, "बरी आहे", आणि मनात मात्र, याला काही पडलेलीच नाही. तिकडे तो रात्री मोबाईलवर या आजाराबद्दल वाचून वाचून घाबरायचा आणि तिच्यासमोर एकदम नॉर्मल.

दोघं एकमेकांना जपतच होते हो, पण त्यात एकटे पडले. हार्ट अटॅकनंतरच्या जोडप्यांवर जेम्स कॉइन आणि डेव्हिड स्मिथ या संशोधकांचा 1991 चा अभ्यास आहे, त्यातही नवऱ्याला त्रास नको म्हणून काळजी लपवणाऱ्या बायकांचा स्वतःचाच मनस्ताप जास्त दिसला होता.

"मोकळेपणाने बोला" असं मी सांगत नाही, त्याने काही होत नाही, कारण नेमकं काय बोलायचं तेच सुचत नसतं. तिला म्हटलं, नुसतं "दुखतंय" नको, "आज शर्टाची बटणं लागली नाहीत, उद्या सकाळी मुलीचं आवरायचं तू बघ" असं सांग. त्याला म्हटलं, उपाय सुचवायच्या आधी विचार, फक्त ऐकू का काही करू?

असं छोटं छोटं बोलायला लागल्यावर मग मोठी गोष्ट बाहेर आली. तो दुसऱ्या बाळाचं बोलायचा आणि ती विषय बदलायची. तिची संधिवातावरची, आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी गरोदरपणात चालत नाही, हे डॉक्टरांनी तिला सांगितलेलं, तिने त्याला नाही. तो समजत होता तिला आता आपल्यात इंटरेस्टच नाही! ऐकल्यावर तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "औषध बदलता येत नाही का?" हे डॉक्टरांनाच विचारायचं असतं, गोळी मनाने बंद करायची नाही, पण बाळाचं प्लॅनिंग आधीच सांगितलं तर गरोदरपणात चालणारी औषधं देता येतात. पुढच्या अपॉइंटमेंटला दोघं प्रश्न लिहून घेऊन गेले.

तुमचं निदान नवीन असेल तर सगळं एकाच दिवशी बोलून टाकायची घाई नको, पण डॉक्टरांकडे जमेल तेव्हा दोघं जा, म्हणजे ऐकलेलं सगळं घरी येऊन एकट्याने सांगत बसावं लागत नाही.