बाळाला मेटाबॉलिक आजाराची शंका आहे. सिटी चालेल की एमआरआयच करावा? त्यात रोग कळतो का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: खानापूर तालुक्यातला ७ महिन्यांचा भाचा, डोकं वयाच्या मानानं मोठं, ताप येऊन गेल्यावर धरलेली मान सोडली. डॉक्टरांनी जन्मजात मेटाबॉलिक आजाराची (शरीरात अन्नाचं रूपांतर नीट न होण्याची) शंका घेऊन मेंदूचा एमआरआय लिहून दिलाय. सिटी स्वस्तात होतो, मग तो चालेल का, आणि रोग कळेल का? मी बेळगावात रेडिओलॉजी करते. बाळ मी पाहिलेलं नाही, एवढं धरून वाचा.

सिटीवर पैसे घालवू नका. त्यात क्ष-किरण असतात हे एक झालंच, पण खरी अडचण वेगळी आहे. रक्तस्राव, साचलेलं पाणी किंवा कॅल्शियम सिटीत चांगलं दिसतं. या आजारांत मेंदूच्या आतल्या गाठींना (हे ट्यूमर नव्हेत, प्रत्येकाच्या मेंदूत असणारे पेशींचे पुंजके) आणि पांढऱ्या भागाला जी इजा होते ती सुरुवातीला त्यात बऱ्याचदा निसटते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. टाळू उघडी असताना सोनोग्राफी होते, पण तिचा उपयोग मर्यादित.

मोठं डोकं आणि तापानंतरची घसरण असं फॉर्मवर वाचलं की मी आधी मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या खाचा बघते. ग्लुटारिक अ‍ॅसिडुरिया टाईप १ या मेटाबॉलिक आजारात (प्रथिनांचे काही घटक शरीराला मोडता येत नाहीत) त्या रुंद, उघड्या राहतात, आणि आडव्या छेदात वटवाघळाने पंख पसरल्यासारखा आकार दिसतो. मग पुटामेन आणि कॉडेट या गाठी. तापाच्या झटक्यात त्या दोन्ही बाजूंना सारख्याच बिघडलेल्या असतील तर टी-२ (एमआरआयचा एक प्रकार) चित्रात पांढऱ्या उजळतात. याच आजारात मेंदूभोवती रक्त साचू शकतं आणि घरच्यांनीच बाळाला आपटलं असा संशय येतो, म्हणून हे ओळखणं फार महत्त्वाचं. ली सिंड्रोम या दुसऱ्या मेटाबॉलिक आजारात आतल्या गाठींबरोबर मेंदूचा देठही पकडला जातो, आणि मिथाईलमॅलोनिक आजारात बहुधा ग्लोबस पॅलिडस ही आतलीच एक गाठ.

डॉक्टरांना सांगून फॉर्मवर डिफ्युजन (पाण्याच्या हालचालीवरून ताजी इजा दाखवणारी चित्रं) आणि स्पेक्ट्रोस्कोपी (मेंदूतली रसायनं मोजणारी) या एमआरआयमधल्याच दोन तपासण्या लिहून घ्या. काही मिनिटं जास्त लागतात, पण दुसऱ्यांदा भूल द्यावी लागत नाही. स्पेक्ट्रोस्कोपीत चित्र नसतं, आलेख असतो. आलेखाच्या आडव्या मापावर १.३ जवळ दुभंगलेलं टोक आलं तर लॅक्टेट (एक आम्ल) साचलंय, कॅनाव्हान या मेंदूच्या पांढऱ्या भागाच्या आजारात २.० जवळचं टोक अवाजवी उंच होतं.

तरीही रोगाचं नाव एमआरआय क्वचितच ठामपणे सांगतो. नाव ठरतं रक्त-लघवीवरून आणि शेवटी जनुक तपासणीवरून. शिवाय ७ महिन्यांच्या बाळाच्या नसांवरचं आवरण अजून तयारच होत असतं, टी-२ वर ते पूर्ण दिसायला साधारण २ वर्षं लागतात. त्यामुळे ‘काही महिन्यांनी पुन्हा करा’ असं रिपोर्टात आलं तर रेडिओलॉजिस्टनं अंग चोरलं असं समजू नका. अमोनिया, लॅक्टेट, साखर, रक्तातला आम्लपणा, टीएमएस (रक्ताच्या थेंबावरची मेटाबॉलिक चाचणी) आणि लघवीची जीसीएमएस (लघवीतली आम्लं ओळखणारी) या तपासण्या एमआरआयच्या तारखेसाठी थांबवू नयेत. अमोनियाचं रक्त बर्फात ठेवून लगेच लॅबला जायला हवं, हे सिस्टरना आठवण करून द्यायला लाजू नका.

लघवीच्या वासावरून काही कळतं का, असंही विचारता. मेपल सिरप युरिन या मेटाबॉलिक आजारात लघवीला येणारा वास आपल्याकडे मेथीचा म्हणूनच ओळखू येईल, कारण दोन्हीत सोटोलोन हाच पदार्थ वासाला कारण असतो. पण बाळंतिणीनं मेथीचे लाडू खाल्ले तरी बाळाला तसा वास येऊ शकतो, म्हणून नुसत्या वासावर घाबरू नका.

आता उपाशी ठेवण्याचं. भूल देण्याआधी अंगावरचं दूध ४ तास आणि वरचं दूध ६ तास बंद ठेवतात. साध्या बाळाला ते चालतं. या बाळांचं शरीर उपाशी राहिलं की स्वतःचंच प्रथिन मोडायला लागतं, आणि नको असलेले पदार्थ नेमके त्यातूनच वाढतात. आणि मशीनवर उशीर होणं रोजचंच. म्हणून सकाळचा पहिला नंबर मागा, उपाशी काळात ग्लुकोजचं सलाईन चालू राहील का हे बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ दोघांना विचारा. संमतीपत्र कन्नडमध्ये असेल तर कुणाकडून तरी मराठीत समजावून घेऊनच सही करा. निदान होईपर्यंत पुन्हा ताप, उलट्या किंवा दूध तोडणं झालं तर घरी वाट न बघता दवाखाना गाठा. ग्लुटारिकमध्ये ३ महिने ते ३ वर्षं हा सर्वांत धोक्याचा काळ असतो.

बहीण आत्याच्या घरीच दिली आहे असं लिहिलंत. नात्यातल्या लग्नात अशा आजारांची शक्यता वाढते हे खरं, पण नात्याबाहेरच्या जोडप्यांतही ते दिसतात, तेव्हा घरात कुणी बहिणीला बोल लावत असेल तर ते तुम्हीच थांबवा. यातले बहुतेक आजार दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावर होतात, आणि तसं असेल तर प्रत्येक गरोदरपणात शक्यता २५ टक्के. कोणतं जनुक ते कळलं की पुढच्या खेपेला गर्भातच तपासता येतं.

रिपोर्टबरोबर सीडी मागून घ्या, नुसत्या फिल्म नकोत. कोल्हापूर-मिरजेला गेलात किंवा बेंगळुरूला, तिथल्या डॉक्टरांना मूळ चित्रं लागतात. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात बसणाऱ्या आजारांना ५० लाखांपर्यंत मदत आहे, पण ती ठरलेल्या केंद्रांतूनच मिळते. बेंगळुरूचं सेंटर फॉर ह्युमन जेनेटिक्स आणि मुंबईचं केईएम ही त्यातली दोन.