गाण्यातून आवाज वेगळा काढता येतो. पण त्यातून करिअर?

प्रश्न : गाण्यातून गायकाचा आवाज वेगळा काढायचा मला नाद लागला आहे. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये काढतो, पण तो पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. एमपीथ्री करून पुन्हा संगीतावर बसवला तर किंचित मागे पडतो. शाळेचं शेवटचं वर्ष आहे. बाबा म्हणतात, ‘हा बटण दाबायचा खेळ, यात कसलं करिअर?’ मी काय करू?

उत्तर : बाबांचं निम्मं म्हणणं खरं आहे, हे आधी मान्य करून टाक. २०१९ मध्ये डीझर या संगीत ऐकवणाऱ्या कंपनीने गाण्याचे भाग वेगळे करणारं ‘स्प्लीटर’ हे साधन सर्वांसाठी खुलं केलं, फेसबुकच्या संशोधकांचं तसंच ‘डेमक्स’ आलं, आणि गायन, ड्रम्स, बेस, उरलेलं संगीत असे गाण्याचे चार भाग घरबसल्या फुकट होऊ लागले. जे कुणालाही जमतं त्याचे पैसे कोण देणार? ‘आवाज वेगळा काढून मिळेल’ एवढ्या पाटीवर पोट भरणार नाही.

पण पाण्याखालचा तो बुडबुडा तुला ऐकू आला, याकडे माझं जास्त लक्ष गेलं. पुष्कळांना तो ऐकूच येत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर तर नाहीच.

तो येतो कुठून, ते समजून घे. गायन बहुधा मिक्समध्ये (सगळे आवाज एकत्र केलेल्या गाण्यात) मधोमध असतं, म्हणजे डाव्या-उजव्या चॅनलमध्ये सारखंच. एक चॅनल उलटा करून (म्हणजे त्याच्या ध्वनिलहरीची वरची बाजू खाली करून) दुसऱ्यात मिसळला की दोन्हींत सारखं असलेलं एकमेकांना खाऊन टाकतं आणि आवाज जातो. ही कराओकेची जुनी युक्ती. तिच्यात बेस आणि ढोलाचे ठोकेही बळी जातात, कारण तेही मध्येच बसलेले असतात. आणि गायकाचा रिव्हर्ब, म्हणजे आवाजामागची घुमणारी गुंज, दोन्हीकडे वेगवेगळा पसरलेला असल्यामुळे मागे भुतासारखा रेंगाळतो. आवाज घालवण्यापेक्षा नेमका तोच ठेवणं अवघड. ऑडॅसिटीचा इफेक्ट त्यासाठी दोन्ही चॅनलांमधल्या फ्रिक्वेन्सी ताडून पाहतो आणि सारख्या असतील त्या ठेवतो. या कापाकापीत कडा तुटतात आणि बुडबुडे ऐकू येतात. नवी साधनं वेगवेगळे ट्रॅक असलेल्या गाण्यांवर शिकवलेली असतात, त्यामुळे त्यांचा अंदाज खूपच बरा. तरी झांजेचा झणका आणि गायकाचा ‘स’ एकाच पट्ट्यात आले की तीही चुकतात. मूळ फाइलच एमपीथ्री असेल तर आणखी वाईट, कारण बारीकसारीक बरंच आधीच फेकून दिलेलं असतं.

मागे पडण्याचं कारण साधं आहे. एमपीथ्री करताना फाइलच्या सुरुवातीला काही मिलिसेकंदांची शांतता चिकटते. त्यापेक्षा वेव्ह फाइल काढ : २४ बिट, आणि सॅम्पल रेट (सेकंदाला ध्वनीची किती मोजमापं घेतली तो आकडा) मूळ गाण्याचाच. गायक चाळिसाव्या सेकंदाला गायला लागत असला तरी एक्सपोर्ट शून्यापासून कर. सुरुवातीची रिकामी जागा छाटायचा मोह होतो, पण दुसऱ्याच्या संगणकावर सगळे ट्रॅक तिच्याच आधाराने एका रेषेत बसतात.

आता करिअर. तुझ्यासारखा कान लागतो तो चित्रपटांच्या संवाद-संपादनात, जुन्या ध्वनिमुद्रणांच्या दुरुस्तीत, न्यायवैद्यक ध्वनितपासणीत (गुन्ह्यांच्या तपासातली ध्वनिमुद्रणं तपासण्यात). २०२३ मध्ये बीटल्सचं शेवटचं गाणं आलं, तेव्हा जॉन लेननचा आवाज त्याच्या सत्तरच्या दशकातल्या घरगुती कॅसेटवरून, पियानोपासून सोडवून घेतला होता. ते काम यंत्राने केलं खरं, पण हाती आलेलं चालण्यासारखं आहे की नाही, हे माणसांनी ठरवलं. दुसरी वाट हीच साधनं घडवणाऱ्यांची. तिथे सिग्नल प्रोसेसिंग (ध्वनीसारख्या लहरींवर संगणकाने प्रक्रिया करण्याचं शास्त्र), गणित, प्रोग्रॅमिंग लागतं.

यातली तुझी कुठली, हे मी पत्रावरून सांगू शकत नाही. तूच आठवून बघ : चॅनल उलटा केल्यावर आवाज गेला, तेव्हा ‘असं का झालं?’ म्हणून वही काढलीस, की एकच खरबरीत ‘स’ नीट करत दोन तास बसलास? वही काढली असशील तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्राकडे जा. ‘स’पाशी बसला असशील तर ध्वनिमुद्रणाचा अभ्यासक्रम बघ, आणि प्रवेश घेताना स्टुडिओतली यंत्रं मोजत बसू नकोस, विद्यार्थ्याला स्वतः मिक्सरसमोर किती तास बसायला मिळतं ते विचार. दोन्हीकडे जायचं तरी गणित सोडू नकोस, असं माझं मत आहे. (हे वाचून तू तोंड वाकडं करशील, ठाऊक आहे.)

एक सावधगिरी. गाण्याचे हक्क वेगळे आणि त्या ध्वनिमुद्रणाचे वेगळे, आणि दोन्ही तुझे नाहीत. वेगळा काढलेला आवाज सरावापुरता ठेव. नमुना म्हणून कुणाला पाठवू नकोस, आणि विनापरवाना अपलोड तर मुळीच करू नकोस.

नमुना हवाच, तर असा कर. गाणाऱ्या मित्राचा आवाज आणि साथीची वाद्यं वेगवेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड कर, त्यांची परवानगी घे, मिक्स कर. मग त्याच मिक्समधून आवाज वेगळा काढ. आता खरा आवाज तुझ्याकडे आहेच. दोन्ही शेजारी ठेवून कुठे काय हरवलं ते मिनिट-सेकंदासह लिहून काढ आणि जमेल तेवढं दुरुस्त कर. झालं की दोन्ही फाइली नाव न सांगता बाबांना ऐकव, आणि खरी कुठली ते त्यांना ओळखायला सांग.