विशेष शाळेचे आकडे कसे वाचावेत?

प्रश्न : आम्ही सहा वर्षांपासून अमेरिकेत राहतो. आमचा मुलगा नऊ वर्षांचा आहे, तो स्वमग्न आहे आणि मोजकेच शब्द बोलतो. त्याला सरकारी विशेष शाळेत घालावे, असे सध्याच्या शाळेने नुकत्याच झालेल्या बैठकीत सुचवले. त्या विशेष शाळेची आकडेवारी पाहिली, तर वाचन आणि गणितात ‘प्रवीण’ ठरलेली मुले नगण्य, काही रकान्यांत आकड्याऐवजी नुसती चांदणी, मुलींपेक्षा मुलगे कितीतरी जास्त आणि बहुतेक मुले कमी उत्पन्नाच्या घरांतली, असे चित्र दिसले. अशा शाळेत त्याला घालणे म्हणजे आम्हीच त्याची आशा सोडल्यासारखे होणार नाही का?
– एक आई

उत्तर : आपल्या पत्रातली घालमेल मी समजू शकते, कारण अशा शाळेच्या वर्गात मी काही वर्षे नोंदी ठेवण्याचे काम केले आहे आणि ते आकडे पाहून चेहरा उतरलेले पालक मला अनेकदा भेटले आहेत. आशा सोडायची की नाही, हे त्या पानावरून ठरवू नका.

आधी निकालाचे पाहू. अमेरिकेत तिसरी ते आठवी दरवर्षी आणि त्यानंतर हायस्कुलात एकदा वाचन व गणिताची राज्य परीक्षा होते. ज्यांना तीव्र स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे, अशा मुलांसाठी वेगळ्या निकषांवर आधारलेले पर्यायी मूल्यमापन असते. २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्याने अशा मूल्यमापनाला राज्यभरातील परीक्षार्थींच्या एक टक्क्याची मर्यादा घातली आहे. ही मर्यादा एकेका शाळेला लागू नसल्यामुळे विशेष शाळेत जवळपास सगळीच मुले ही परीक्षा देत असू शकतात. म्हणून आपण पाहिलेला आकडा कोणत्या परीक्षेचा आहे, की दोन्हींचा एकत्र आहे, हे शाळेला प्रथम विचारावे. शिवाय एका इयत्तेत बारा मुले असतील, तर एका मुलाच्या निकालाने टक्केवारी आठ अंकांनी वरखाली होते. चांदणी दिसते तीही याच कारणाने. गट फार लहान असला, अनेक राज्यांत दहाहून कमी मुलांचा, तर आकड्यावरून एखादे मूल ओळखू येऊ नये म्हणून तो झाकला जातो. त्यात लपवाछपवी नाही.

पण खरी अडचण वेगळीच आहे. माझ्या वर्गात आपल्या मुलाच्याच वयाचा एक मुलगा होता. त्याला तहान लागली की तो किंचाळायचा आणि स्वतःचा हात चावायचा. सप्टेंबरात आम्ही त्याच्यासमोर पाण्याचे चित्र असलेले कार्ड ठेवायला सुरुवात केली. तेव्हा त्याचा हात धरून ते उचलावे लागत असे. फेब्रुवारीत एका सकाळी त्याने ते कार्ड आपणहून उचलले, बाईंच्या तळहातावर ठेवले आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत थांबला. त्या आठवड्यात पाचपैकी चार वेळा त्याला हे जमल्याची नोंद माझ्या वहीत आहे. वर्षअखेरीच्या राज्य परीक्षेत मात्र तो सर्वांत खालच्या पातळीवर राहिला, म्हणजे आपण पाहिलेल्या आकड्यासारख्याच एखाद्या आकड्यात तो ‘अपयशी’ म्हणून मोजला गेला.

यासाठीच कायद्याने विशेष शिक्षण घेणाऱ्या प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, म्हणजे आयईपी, सक्तीचा केला आहे. अक्षमता असलेल्या मुलांच्या शिक्षणाविषयीच्या १९७५ च्या मूळ कायद्यापासून, ज्याला १९९० नंतर ‘आयडिया’ म्हणतात, हा आराखडा या व्यवस्थेचा कणा आहे. एन्ड्रू एफ. या खटल्यात २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की नाममात्र प्रगती पुरेशी नाही, मुलाच्या परिस्थितीला साजेशी प्रगती व्हावी असाच आराखडा असला पाहिजे. तो खटलाही एका स्वमग्न मुलाच्या आईवडिलांनी लढवला होता. तेव्हा शाळेला विचारायचा प्रश्न असा : मागील वर्षी इथल्या मुलांच्या आराखड्यांतील किती उद्दिष्टे पूर्ण झाली आणि जी झाली नाहीत, त्यांबाबत आपण काय बदल केला? या प्रश्नाला तपशिलात उत्तर देणाऱ्या शाळेवर मी विश्वास ठेवीन.

आता पटावरील मुलांविषयी. मुलगे जास्त असणे हे त्या शाळेचे वैशिष्ट्य नाही, कारण देशभरात विशेष शिक्षण घेणाऱ्या शालेय मुलांत सुमारे दोन तृतीयांश मुलगेच आहेत. कमी उत्पन्नाचा रकाना बहुधा मोफत किंवा सवलतीच्या जेवणाच्या पात्रतेवरून भरतात, आणि काही शाळांत सरसकट सर्वांनाच मोफत जेवण मिळत असल्याने तो आकडा फुगलेला दिसतो. वंशाचा रकाना मात्र गांभीर्याने वाचावा. कृष्णवर्णीय मुलांवर ‘भावनिक विकार’ हा शिक्का प्रमाणाबाहेर बसतो, हे दीर्घकाळ दिसून आले आहे, आणि ‘आयडिया’च्या २००४ च्या दुरुस्तीने अशी ठळक विषमता आढळलेल्या शालेय जिल्ह्यांना केंद्रीय निधीचा पंधरा टक्के भाग लवकरच्या मदतीसाठी वेगळा काढायला लावला आहे. कुणाला वेगळ्या इमारतीत पाठवले जाते, हे तो रकाना सांगतो, आणि पालकांनी त्यावर प्रश्न विचारलाच पाहिजे.

आपल्या घराशी याचा संबंध भाषेमुळे येतो. मुलाची तपासणी केवळ इंग्रजीत झाली होती का? केवळ इंग्रजी कमी येते म्हणून एखाद्या मुलाला अक्षम ठरवता येत नाही, आणि तपासणी त्याच्या घरच्या भाषेचा विचार करूनच व्हायला हवी, असा नियम आहे. इंग्रजीत बोलणे अवघड वाटत असेल, तर बैठकीसाठी शाळेकडे दुभाषी मागण्याचा आपल्याला हक्क आहे. (जाता जाता एक सांगते : कुणी सल्ला दिला, तरी मुलाशी मराठीत बोलणे थांबवू नका. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलांचे नुकसान होत नाही.)

वर्गातील मनुष्यबळाचा आकडा मात्र मी सर्वांत आधी पाहीन. न्यूयॉर्क शहरात ‘डिस्ट्रिक्ट ७५’ हा विशेष शिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे काही वर्गांत सहा मुलांमागे एक शिक्षक आणि एक मदतनीस असतो, तर काही वर्गांत बारा मुलांमागे एक शिक्षक आणि चार मदतनीस. आपल्या मुलाला कोणता वर्ग मिळणार, स्पीच थेरपी आठवड्यातून किती मिनिटे आणि एकट्याला की गटात, हे आराखड्यात लिहून घ्या.

हा निर्णय कायमचा नसतो. आराखड्याचा फेरविचार वर्षातून किमान एकदा होतो, संपूर्ण फेरतपासणी साधारण दर तीन वर्षांनी होते, आणि सर्वसाधारण मुलांपासून शक्य तितके कमी वेगळे ठेवावे, हे तत्त्व विशेष शाळेत गेल्यावरही लागूच राहते. होकार देण्यापूर्वी एक सकाळ त्या वर्गात बसण्याची परवानगी मागा, आणि रोजच्या नोंदी कशा ठेवतात, ते नावे झाकलेल्या एखाद्या वहीवरून दाखवायला सांगा.