भाचेराव, जुनी फास्ट सेडान घ्यायच्या आधी जरा ऐका

भाचेराव,

तुझा मेसेज वाचला, पाठवलेल्या गाड्यांचे फोटोही बघितले. एक २०१७ ची स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस, एक साधी ऑक्टेव्हिया १.८ टीएसआय (टर्बो पेट्रोल) आणि एक डिझेल बीएमडब्ल्यू ३२०डी. तिन्ही गाड्या लै भारी, वादच नाही. हौस करू नको असं काय मी म्हणणार नाही, सगळं आयुष्य कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनं खोलण्यात गेलं, आम्ही कुठल्या तोंडानं सांगायचं? पण "मामा, नव्या ब्रेझाच्या पैशात २३० पीएस पॉवर मिळायलीय" असं जे लिहिलंयस ना, गडबड तिथंच आहे. किंमत उतरली ती गाडीची, स्पेअरची नाही. पार्टवाला तुला विचारणार नाही गाडी कितीला घेतलीस, तो नव्या गाडीच्या हिशोबानंच बिल फाडणार.

पहिलं गिअरबॉक्सचं बोलू, कारण खिसा तिथंच फाटतो. १.८ टीएसआयला येतो तो सात गिअरचा डीक्यू२००, ड्राय क्लचवाला. २०१७ च्या आरएसला सहा गिअरचा डीक्यू२५०, त्याचे क्लच तेलात बुडलेले. विकणारा दोन्हीला डीएसजीच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) म्हणणार, पण जमीन-अस्मानाचा फरक आहे. ड्राय क्लचवाला हायवेला मस्त चालतो आणि संध्याकाळी दाभोळकर कॉर्नरला मुंगीच्या गतीनं सरकताना तापतो, कारण गाडी सारखी हाफ क्लचवरच असते, मग पहिल्या-दुसऱ्या गिअरला धडधड सुरू होते. ते एक वेळ चालेल, पण मेकॅट्रॉनिक्स, म्हणजे गिअरबॉक्सचा इलेक्ट्रॉनिक मेंदू, गेलं की मीटरवर गिअरचा आकडा ब्लिंक व्हायला लागतो, रिव्हर्स पडत नाही, आणि भर दसरा चौकात गाडी तशीच उभी. खर्च लाखाच्या वर धरून चाल. उद्यमनगरात तुला बुश, शाफ्ट, पुली काय पाहिजे ते टर्न करून मिळेल, पण ते सर्किट कुणी लेथवर बनवून देणार नाही बाबा.

तेलातला क्लच त्या मानानं दणकट, फक्त दर ६०,००० किमीला गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर बदलावाच लागतो. मालक म्हणेल "केलंय, केलंय". बिल माग. बिल नाही म्हणजे केलेलं नाही असंच समजायचं आणि तेवढे पैसे किमतीतून कापायचे.

आणि स्टेज वन केलेली, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेली १.८ दिसली की तिथूनच रामराम ठोक. त्या डीक्यू२०० ची झेपच २५० एनएम टॉर्कची, कंपनीनं इंजिन पण तेवढ्यालाच बांधलेलं, आणि कुठला तरी पोरगा लॅपटॉप लावून तीनशेच्या वर नेतो, दोन वर्षं हायवेला गाडी पळवतो, आणि क्लच संपत आला की ते सॉफ्टवेअर काढून कंपनीची जशीच्या तशी गाडी म्हणून विकतो. ते आपल्या गळ्यात कशाला?

इंजिनचं म्हणशील तर ह्या टीएसआयमध्ये वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचं हाउसिंग प्लॅस्टिकचं असतं, इनटेकच्या खाली लपलेलं, ते हळूहळू गळतं. खाली थेंब पडतीलच असं नाही, पण कुलंटची बाटली मिनिममच्या खाली आणि हाउसिंगच्या कडेला गुलाबी खरपुडी दिसली की समजायचं. स्कोडाच्याच जुन्या १६० पीएसच्या लॉरा-सुपर्बमध्ये अजून दोन रोग, ऑइल पिणं आणि टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणून सकाळी पहिल्या स्टार्टला दोन सेकंद खडखड येते का ते कान देऊन ऐक. ह्यासाठीच सांगतो, गाडी बघायला जाशील तेव्हा इंजिन थंडच पाहिजे. तू पोचायच्या आधीच मालकानं गाडी गरम करून ठेवली असली तर चहा पी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

३२०डी २०१५ च्या आधीची असेल तर बहुतेक एन४७ इंजिन, त्याची टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला, म्हणजे मागं. चेन वाजायला लागली की नुसतं पुढचं कव्हर काढून भागत नाही, इंजिन नाहीतर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, मजुरीच डोळे पांढरे करते. शिवाय बऱ्याच गाड्यांना रनफ्लॅट टायर (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे), स्टेपनी नाही. गगनबावड्याच्या पुढं घाटात टायरची साइडवॉल, म्हणजे बाजू, फाटली तर फोनला रेंज शोधत बस. बॅटरी बदलली तरी स्कॅनर लावून गाडीला कळवावं लागतं, ही असली नखरेल जात.

आता आपल्या भागातली खास गोष्ट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात किती गाड्या पाण्यात होत्या हे तू पण बघितलंयस, शिरोलीला हायवेच बंद होता. त्यातल्या सगळ्या काय भंगारात गेल्या नाहीत. आमच्याकडं एकदा चेकिंगला गाडी आलेली, पॉलिश असं की तोंड दिसेल, आत परफ्यूमचा घमघमाट. ड्रायव्हर सीटखालचं कारपेट उचललं तर खाली गाळ वाळून पापुद्रे सुटलेले, आणि वायरिंगच्या कनेक्टरच्या पिना हिरव्यागार. तेव्हा परफ्यूम जास्त वाटला की पहिलं कारपेट उचल, सीटच्या रेलमध्ये टॉर्च मार, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात हात घाल, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटचं टोक बघ, तिथला मातीचा डाग कुणी धूत नाही.

कागदांचं थोडक्यात. बेळगावची केए-२२ स्वस्त वाटते, दिल्लीची डिझेल तर अजून स्वस्त, कारण तिथं जुन्या डिझेलवर निर्बंध आलेत. पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच-०९ करायची धावपळ मिळवली की फरक बराचसा संपतो. इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा, तो तुला मिळत नाही. जुने क्लेम मात्र काढून बघ.

वर्षाचा खर्च म्हणशील तर महिन्याला हजार किमी धर, असल्या गाडीला गावात लिटरला दहा पडले तरी नशीब, म्हणजे पेट्रोलच सव्वा लाखाचं. त्यात आता ई-२०, म्हणजे पेट्रोलमध्ये वीस टक्के आपल्याच उसाचं इथेनॉल, पण ह्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत, ॲव्हरेज अजून थोडं खाली येणार. २२५/४० आर१८ मापाचे टायर असले तर साइडवॉल भरते फक्त नऊ सेंटिमीटर, सीझनला उसाच्या ट्रॉल्यांनी रस्ते उखडले की एका खड्ड्यात टायर आणि अलॉय दोन्ही जातात, एक टायर बारा-पंधरा हजार. सर्व्हिस, इन्शुरन्स वेगळंच. आणि हे सगळं सोडून गाडीच्या किमतीच्या वीस टक्के बाजूला ठेव, त्याला हात लावायचा नाही, आईकडं देऊन ठेव. एवढे उरत नसतील तर एक पायरी खालची गाडी बघ.

मला विचारशील तर ३२०डी सोड, १.८ पण सोड, आरएस बघू. मालकाकडून चेसिस नंबर आणि सर्व्हिसची बिलं मागून मला पाठव. बिलं बरी वाटली तर रविवारी सकाळी मी येतो, वाघबीळाहून पन्हाळ्यापर्यंत चढवू, उतरताना ब्रेक मारून स्टिअरिंग थरथरतंय का बघू, मग माझा स्कॅनर लावू. मीटर मागं फिरवलेलं असलं तरी गाडीतल्या बाकीच्या इलेक्ट्रॉनिक मॉड्यूलमध्ये खरे किलोमीटर बऱ्याचदा सापडतात. आणि टोकन आधीच देऊन बसू नको, मालक कितीही "अजून दोन गिऱ्हाईकं आहेत" म्हणाला तरी.

तुझा मामा